पुण्याच्या बिअरीत पिंगळीची ज्वारी

पिंगळी,
फाल्गुन पौर्णिमेच्या आदल्या दिवशी

ती. चतुराअक्का हिला धाकट्या कमलचा सप्रेम जयभीम.

पत्र लिहायचं कारण असं की तू फोन उचलंना गेलीस. अकरा डाव केला. बाराव्या डावाला उचललास, निस्ता श्वास घेतलास आन् ठेवून दिलास. (तुझा श्वास मी ओळखते. दाजींचा तसा नसतो.) असो. तुझा उजवा गुडघा कसा हाय? ते लाल तेल लावू नको, त्यानं निस्ती साडी खराब होती. बीपीची गोळी रोज घेत जा, एक दिवस घेऊन दोन दिवस जपून ठेवायची ती चीज न्हाई. दाजींच्या डोळ्याचं आपरेशन झालं का? झालं असंल तर त्यांना आता तू नीट दिसायला लागली असशील, त्यांना धीर दे. आमच्याकडं सगळे धड हायत. आमचे हे हायत तसेच हायत, त्यांच्यात काही फरक पडायची वाट बघायचं मी कवाच सोडलं.

आता कामाचं. माघ पौर्णिमेला तू आमच्या विहारात पाहुणी म्हणून आलीस, खीर खाल्लीस आन् भाषण केलंस की काही उपासिका धान्याला मोड आणून बाटलीत घालायलेत. नाव घेतलं न्हाईस. पण अक्का, पिंगळीत पोत्यानं मोड आणणारी बाई एकच हाय, आन् ती तुझ्या समोर तिसऱ्या रांगेत बसली होती, तुझ्यासाठीच पाण्याचा तांब्या घेऊन. त्या दिवसापासून माझ्या हाताखालच्या सात बायांपैकी सहा यायच्या बंद झाल्या. एकटी सरजाबाई येती, कारण तुझ्या भाषणात ती झोपली होती. इकडं आपल्या भाचीला, सुकेशनीला, पुण्यात अजून सहा पोती माल पाहिजे, आन् ऊन चढलं की मोड आंबतो, म्हणजे माझ्या हातात वीस दिवस हायत. माल गेला न्हाई तर तिचा साहेब पुन्हा कंपनीच्या जवाकडं वळणार आन् पोरीनं एवढं केलेलं मातीत जाणार. मी रुसवा काढायला लिहायलेय असं समजू नको. तुला अर्धंच माहीत हाय आन् अर्ध्यावर भाषण करायची तुझी जुनी खोड हाय, म्हणून पुरं सांगायलेय.

तर आपल्या भावाची, सिद्धोधनची सुकेशनी केमिकलच्या कंपनीत हाय असं तू तुमच्या मानवतभर सांगितलंस. केमिकल न्हाई, बिअर. ती बनवणारी हाय, चार पुरुष तिच्या हाताखाली हायत आन् त्यातला एक तर मिशीवाला. मला बी आधी वाटलं होतं की आपण दोघींनी ज्या दारूच्या भट्ट्या फोडल्या त्यात जे निघायचं तेच तिथं बी असंल, नवसागर, काळा गूळ आन् वरून मेलेला उंदीर. तसलं काही न्हाई. धान्याला मोड आणायचा, वाळवायचा, भरडायचा, गरम पाण्यात मुरवायचा. मोड आलेल्या दाण्यात असा काही जीव असतो की तो सगळ्या पिठाची साखर करतो. ते गोड पाणी गाळायचं, कसल्यातरी येलीची कडू फुलं टाकून उकळायचं, थंड करायचं, खमीर टाकायचं आन् झाकून ठेवायचं. आता सांग, यातली पहिली कामं तू आन् मी लेकरांच्या सत्त्वासाठी जन्मभर केली का न्हाई? आपल्याला कुणी पांढरा कोट दिला न्हाई, एवढाच फरक.

तिथं सगळे जव वापरतात, तो लांबून कंपनीतून येतो. सुकेशनीच्या डोक्यात आलं की आपल्या ज्वारीनं काय घोडं मारलं, निस्त्या ज्वारीची करून बघू. साहेब म्हणला, एकच भांडं देतो, बिघडलं तर पुन्हा ज्वारीचं नाव काढायचं न्हाई. तिनं दोन ठिकाणाहून ज्वारीचा मोड मागवला, दोन्ही डाव बुरशी. मंग तिनं मला फोन केला. दोन आत्यांमधून मलाच का केला ते मला विचारू नको. (तुला विचारायची तिची छाती झाली न्हाई.)

आन् मी काय माल केला अक्का! मालदांडी ज्वारी घेतली, आमच्याच रानातली, औषध न लावलेली. फुटका दाणा एक ठेवला न्हाई, फुटका दाणा आधी सडतो आन् शेजाऱ्याला सडवतो (माणसाचं बी तसंच). एक दिवस एक रात्र भिजवली, तीन डाव पाणी बदललं. बारदानावर पसरून वर ओलं बारदान, दर दोन-तीन तासाला हात घालून खालवर. आतून ऊब येती, तापलेल्या लेकराच्या पोटागत, आन् ती ऊब वाढली की पातळ पसरायचं, न्हाई तर वास सुटतो. चार दिवस मी घरात कुणाला धड भाकर दिली न्हाई. आमचे हे म्हणले, आम्हाला बी बारदानाखाली झोपव म्हणजे दिवसातून चार डाव बघायला तरी येशील. मी म्हणलं, तुमाला मोड येणार न्हाई, वास तेवढा येईल. मोड नखाएवढा झाला की गच्चीवर खडखडीत वाळवला, सगळ्या बायांनी तळहातावर चोळून कोंब आन् मुळ्या काढल्या, सुपानं उफणल्या. सुकेशनी फोनवर समजवायला लागली की आत्या, ज्वारीच्या कोंबात विष असतं, त्याचं असं असं नाव हाय. मी म्हणलं, बाई, तुझ्या पुस्तकात ते आत्ता आलं, आमच्या गोठ्यात कवाचं हाय. कोवळ्या ज्वारीत शिरून किरळ लागून जागेवर तडफडलेली गाय ज्यानं बघितली तो कोंब ठेवतच न्हाई.

इथपर्यंत कुणी बोट दाखवावं असं काही न्हाई. पुढं थोडं झालं. सुकेशनीनं सांगितलं होतं की फक्त वाळव, भाजू नको. मी ऐकलं होतं. पण अक्का, मोडाचं कच्चं पीठ कुणी खातं का? सत्त्व करताना भाजल्याबगर आपला हात पुढं जातो का? मला वाटलं पोरीला शहरात राहून कच्चं-पक्कं कळंना गेलं, तिथं सगळे पाकिटातलंच खातात. म्हणून मी तिच्या भल्यासाठी तीन पोती माल मोठ्या कढईत खमंग भाजून काढला. असा वास सुटला की स्टेशनवरून माणसं विचारत आली की कुणाच्या घरी बारसं हाय. अर्धं पोतं राहिलं. गॅस संपला आन् माझी कंबर बी. ते कच्चंच बांधलं आन् टेम्पोत टाकलं. मी बी ड्रायव्हरच्या शेजारी बसून गेले, कारण चार दिवस ज्याला हात लावला तो माल एकटा सोडायचा म्हणजे काय.

तिथं काचेच्या अलीकडं लोक बिअरीबरोबर तळलेले बटाटे खायलेत आन् पलीकडं आपल्या गावच्या पाण्याच्या टाकीएवढी स्टीलची भांडी, अशी जागा. भांडी मात्र लख्ख. मी बोट फिरवून बघितलं, बोटाला काही लागलं न्हाई, तवा मला सुकेशनी आपल्याच घरातली वाटली. साहेब आला. टकला, कानात बाळी, वयानं आपल्या जावयाएवढा. म्हणला, मावशी काय घेणार, चहा, कॉफी, का आमची बिअर? मी म्हणलं, मी पंचशील पाळते, चहा आण, साखर कमी. त्यानं विचारलं पंचशील म्हणजे काय. मी उभ्या उभ्या सांगितलं. चार शीलांपर्यंत तो मान डोलवत होता, पाचवं, दारू न पिण्याचं, आलं आन् त्यानं मागं वळून एक डाव आपल्या भांड्यांकडं बघितलं. माणूस वाईट न्हाई, चहा स्वतः घेऊन आला.

मंग काम सुरू झालं. तीन पोती भरडून गरम पाण्यात टाकली. तासाभरानं साखर तयार व्हायला पाहिजे होती. सुकेशनी थेंब थेंब काचेवर घेऊन बघायची आन् तोंड पाडायची. गोड होईना. तिनं आच वाढवली, तर जे पातळ होतं ते घट्ट व्हायला लागलं, आन् बघता बघता सगळ्या भांड्याच्या कण्या झाल्या. चिकट, फदफदणाऱ्या. आतलं ढवळायचं यंत्र 'घूं' करून बंद पडलं. मिशीवाला म्हणला, ताई, हे आता फावड्यानं काढावं लागंल. साहेब काचेपलीकडून बघत होता. पोरगी भांड्याच्या मागं जाऊन उभी राहिली. मी गेले तर डोळे पुसत होती.

"आत्या, खरं सांग. भाजलंस?"

"थोडं."

"किती थोडं?"

"वास येईपर्यंत."

ती खालीच बसली. म्हणली, "भाजल्यावर मोडाचा जीव जातो गं! साखर करणारं आत काही राहिलंच न्हाई. निस्तं पीठ उकळायलोत आपण. आता साहेब मला पुन्हा भांडं देणार न्हाई."

अक्का, मी आयुष्यात लय माणसांना रडवलंय आन् मला त्याचं काही वाटलं न्हाई. पण आपल्या पोरीला आपल्याच हातच्या मालानं रडताना बघितलं तवा मी पदरानं तिचं तोंड पुसलं. आन् त्याच घडीला मला सुचलं. मी म्हणलं, ऊठ, आच बंद कर, टेम्पोत अर्धं पोतं कच्चं हाय. ते आणलं, भरडलं. मिशीवाला टाकायला निघाला, मी त्याचा हात धरला. उकळत्यात टाकलं तर हे बी मरंल, दम धर. भांड्याचं झाकण उघडं ठेवून बसलो. मी दर थोड्या वेळानं बोट लावून बघायचे, सुकेशनी तिचं मोजायचं यंत्र लावायची. बोट घातल्यावर चटकन बाहेर येतं पण फोड येत न्हाई, एवढं निवलं तवा मी म्हणलं आता. तिचं यंत्र म्हणलं पासष्ट डिग्री. दोघांचं एकच मत पडलं. अर्धं पोतं आत टाकलं, बांबूगत लांब दांड्यानं मी आन् मिशीवाला आळीपाळीनं ढवळायला लागलो. (तो तिसऱ्या पाळीला थकला.)

पाव तासात दांडा हलका झाला. अर्ध्या तासात कण्यांची पेज झाली. तासाभरात निस्तं पाणी, बिनदुधाच्या चहाच्या रंगाचं! सुकेशनीनं पळी भरून मला दिली. ते अजून बिअर झालेलं न्हवतं, खमीर पडलेलं न्हवतं, म्हणून मी प्यायले, शीलात बसतं. अक्का, उसाच्या रसागत गोड, आन् मागून भाजलेल्या ज्वारीचा खमंगपणा. मी म्हणलं, पोरी, इथंच थांबव, पुढं बिघडवू नको. तिनं ऐकलं न्हाई. आपल्या घरात कुणी कुणाचं ऐकायची रीतच न्हाई.

चार आठवड्यांनी बिअर तयार झाली. साहेबानं स्वतः फोन केला. म्हणला, मावशी, लोक विचारायलेत हा भाकरीच्या पापुद्र्याचा वास कशाचा हाय. तीन दिवसात सगळी संपली. आन् पुढचं ऐक, मला म्हणतो, पुढच्या मालाला बी ती चूक जशीच्या तशी करा, सहाला एक कच्चं ठेवा. माझ्या सासूनं जन्मभर माझ्या चुका मोजल्या, पण पुन्हा कर म्हणून कुणी सांगितलं न्हवतं. जी ज्वारी आपली लेकरं खायला नको म्हणतात, चपाती मागतात, ती ज्वारी पुण्याची माणसं रांग लावून मागायलेत. मला गर्व झालाय, हो झालाय. मी चौथी शिकलेली बाई, शिकलेल्या माणसांचं अडलेलं भांडं मी चालू करून दिलं. हे तुझ्या भाषणात यायला पाहिजे होतं.

तुझं म्हणणं मला कळत न्हाई असं न्हाई. दारूनं आपल्या गल्लीतली किती घरं बसली ते तुझ्याबरोबर मी बी बघितलंय, आन् भट्टी फोडताना तुझ्या कपाळाला लागलेला दगड मीच धुतलाय. मी पिणार न्हाई, गावात विकू देणार न्हाई, आन् आमच्या यांना तर त्या बिअरीचा फोटो बी दाखवला न्हाई. सुकेशनीला बी मी तोंडावर विचारलं की हे पिऊन कुणी घरी जाऊन बायकोला मारत असंल तर?  ती म्हणली, आत्या, याचं उत्तर माझ्याकडं न्हाई. मला तिचं ते आवडलं. माझ्याकडं बी न्हाई. पण त्या सहा बायांच्या हाताला काम होतं, ते तू एका भाषणात थांबवलंस, याचं उत्तर तुझ्याकडं असंल तर कळव.

बाकी ठीक. दाजींना जयभीम सांग, लेकरांना गोड पापा दे. पापड लाटून झाले असतील तर शंभरेक पाठव, माझ्याच्यानं यंदा झाले न्हाईत.

तुझी बहीण (तू मान, न मान)
कमल

ता. क. एक गोष्ट लिहायची राहिली. तिथं भिंतीवर काळा फळा हाय, त्यावर बिअरींची नावं लिहितात. आपल्या ज्वारीच्या बिअरीचं नाव 'चतुरा' ठेवलंय. मराठीत आन् इंग्रजीत, खडूनं, बाजूला कणीस काढलंय. फोटो आला माझ्याकडं. बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. आधी पाणी पी, मंग पुढं वाच.

ता. क. दुसरा. मी वर लिहिलं की मला त्याच घडीला सुचलं. मला काही सुचलं न्हाई. मी घाबरले होते, आन् माझ्या कानात तूच ओरडलीस. सुकेशनी सात महिन्यांची होती, तिची माय दवाखान्यात, आन् पोरगी घट्ट कण्या गिळंना गेली होती, पातळ केल्या तर पोट भरंना. तू मानवतवरून अंगणवाडीची पिशवी घेऊन आलीस. कण्या खाली उतरवल्यास, निवू दिल्यास आन् कच्च्या मोडाच्या पिठाची चिमूट टाकलीस. पाहता पाहता त्या पातळ झाल्या, पोरीनं वाटी चाटली. मी म्हणलं चिमूट भाजून टाकू का, तर तू म्हणलीस, बयताड, भाजलं की मेलं. मी ते पंचवीस वर्षं विसरले आन् त्या भांड्यापुढं आठवलं. साहेबानं विचारलं हे कुणी शिकवलं, कुणाचं नाव लिहू. मी माझंच सांगणार होते. तोंड उघडलं तर तुझं निघालं.

ता. क. तिसरा आन् शेवटचा. साहेब म्हणतो, ज्यांचं नाव हाय त्यांचा होकार पाहिजे, न्हाई तर पुसून मावशी तुमचं लिहितो. मी लय विचार केला. तुझं ठेवलं तर तुझ्या मतानं पाचवं शील मोडतं. माझं लिहिलं तर ते खोटं, म्हणजे चौथं मोडतं. आन् तुला न विचारता तुझी युक्ती घेतली तवा दुसरं, चोरी न करण्याचं, आधीच मोडलंय. मंगळवारी मी ज्वारी भिजत घालायलेय, तू ये. बायांसमोर उभी राहा, पोत्यात हात घाल आन् मंग नाव ठेवायचं का पुसायचं ते तूच बोल, मी ऐकते. तुला वाटंल ते कर, पण लवकर कर, कारण अक्का, एका बिअरीपायी माझी तीन शीलं गेली आन् मी थेंब बी पिलेली न्हाई.